मूळ आधीं, पालवी मागून

(ग्रामीण मंडळ्यांतील उपदेशकांसाठीं व कुटुंबांतील वाचनासाठीं पाठ)

शास्त्रभाग : मार्क ४:१-९ व २६-२९, उत्पत्ति २१:३३, लूक १३:६-९, १ करिंथ ३:५-९.



पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हें गांव आहे. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत समाविष्ट झालें, आणि आतां तेथें शेतांपेक्षां इमारतीच अधिक दिसतात. तथापि गांवालगतची टेकडी अद्याप जुन्या देशाची साक्ष देत उभी आहे. खालीं काळा खडक, त्यावर मुरूम, मुरमावर मूठभर माती, आणि त्या मातींत गवत व बोरी-बाभळींचीं झुडपें. पुण्याच्या परिसरांत वर्षाकाठीं सरासरीनें सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांतच पडून जातो. टेकडीवरचें पाणी उतारानें ओढ्यास मिळतें, आणि उरलेले आठ महिने ती जमीन वाळवंटासारखीच तहानेली राहते. अशा जागीं बाग करावयाची असेल, तर ज्या झाडांस रुक्ष भूमींत राहण्याची संवय आहे त्यांचीच निवड करावी लागते.

आजचा पाठ अशा झाडांविषयीं आहे. शमी, हिंगणबेट व बाभूळ हीं आपल्या ओळखीचीं झाडें बियांपासून कशीं वाढवावीं, हें आपण पाहूं. आणि तें पाहतां पाहतां प्रभूनें सरोवराच्या कांठीं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यांतील एक गोष्ट नीट समजून घेऊं. हा दाखला काळ्या रानांतल्या शेतकऱ्यापेक्षां मुरमाड टेकडीवर बीं टाकणाऱ्या मनुष्यास अधिक लवकर कळतो.

१. खडकाळीवर पडलेलें बीं

खडकाळ जमीन म्हणजे दगडगोटे पसरलेली जमीन, असें आपण पुष्कळदां समजतों. प्रभूच्या मनांत मात्र निराळीच जमीन होती. वर पातळ माती आणि तिच्याखालीं अखंड खडक, अशी ती जमीन. वरून पाहणाऱ्यास ती चांगलीच दिसते. पातळ माती उन्हानें लवकर तापते, म्हणून तिच्यांत पडलेलें बीं इतरांच्या आधीं उगवतें.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर दिघीच्या टेकडीसारख्या कोणत्याही टेकडीवर जाऊन पाहावें. चार दिवसांत सगळीकडे हिरवा कोंब दिसूं लागतो. परंतु पावसानें दोन आठवडे ओढ दिली, कीं त्यांतलें निम्मेंअधिक वाळून जातें. उपटून पाहिलें तर मूळ बोटभर खालीं जाऊन खडकावर आपटलेलें व आडवें वळलेलें आढळतें.

प्रभूनें त्या कोंबाच्या हिरवेपणास दोष दिला नाहीं, आणि उन्हासही दिला नाहीं. ज्या उन्हानें तो कोंब करपला, त्याच उन्हानें शेजारचें कणीस पिकलें. उणीव मुळाची होती. आपल्या पाठाचा सारा भार याच शब्दावर आहे.

२. बियाची तयारी

बाभूळ व शमी यांच्या बियांचें कवच कठीण असतें व तें पाणी सहज आंत शिरूं देत नाहीं. ही देवानें केलेली राखण आहे. जर तें बीं पहिल्या वळवाच्या सरीबरोबरच फुटलें असतें, तर पुढच्या कोरड्या पंधरवड्यांत त्याचा नाश झाला असता. म्हणून तें वाट पाहतें.

शेंगा झाडावर पिकल्यावर तोडाव्या, उन्हांत वाळवाव्या व बीं काढून पाण्यांत टाकावें. ज्या बियांस भुंगेऱ्यांनीं भोंक पाडलें आहे त्या बहुधा तरंगतात. त्या काढून टाकाव्या. तळाशीं बसलेलें बीं पेरणीचें. बाभळीच्या बियांसाठीं पाणी उकळून चुलीवरून खालीं उतरावें, त्यांत बीं टाकावें व तें पाणी आपोआप थंड होईपर्यंत रात्रभर तसेंच ठेवावें. बीं चुलीवर शिजवूं नये. सकाळीं जें बीं फुगलेलें दिसेल तें पेरावें, व न फुगलेल्यास पुन्हां एकदां तसेंच करावें. शमीच्या बियांस बहुधा एक दिवसरात्र साध्या पाण्यांत भिजविणें पुरतें. हिंगणाचें फळ असेल तर वरचा गर धुऊन काढावा (आपल्या आज्या याच गरानें लुगडीं धूत असत) आणि आंतली कठीण आठळी दिवसभर भिजवून लावावी.

धनगर बांधवांस आणखी एक युक्ति ठाऊक असते. शेळ्यामेंढ्या बाभळीच्या शेंगा आवडीनें खातात, आणि रवंथ करतांना त्यांच्या तोंडून गळलेलें किंवा लेंडींतून पडलेलें बीं अधिक सहज रुजतें. वाड्यांतून तें गोळा करून आणावें. निवासमंडपाचा कोश ज्या बाभळीच्या जातीच्या लाकडाचा केला, तीं सीनायच्या रानांतलीं झाडेंही अशाच बियांचीं. आणि आजही तेथें शेळ्या व हरणें त्या शेंगा खाऊन बीं पसरवितात. इस्राएल लोक त्या रानांत पोंचले तेव्हां लाकूड तयार होतें. तें बीं कोणी केव्हां पेरलें, हें कोणासही ठाऊक नव्हतें.

सर्वच बियांस इतकी वाट पाहतां येत नाहीं. कडुनिंबाची निंबोळी दोनतीन आठवड्यांच्या आंत पेरली नाहीं तर तिची उगवणशक्ति झपाट्यानें कमी होते. कोणतें बीं थांबतें व कोणतें थांबत नाहीं, हें ओळखणें माळ्याचें काम आहे. मंडळींत तें उपदेशकाचें काम आहे.

बीं किती काळ थांबूं शकतें याचें एक नवलाचें उदाहरण आहे. मृत समुद्राजवळ मसादा नांवाचा हेरोद राजाचा गड आहे. १९६० नंतरच्या वर्षांत तेथें उत्खनन झालें, त्यांत खजुराच्या बिया सांपडल्या. त्या सुमारें दोन हजार वर्षांच्या, म्हणजे जवळजवळ प्रेषितांच्या काळच्या होत्या. २००५ सालच्या जानेवारींत इस्राएलांतील केतुरा येथें एलेन सोलोवे या बाईंनीं त्यांतील कांहीं बिया कोमट पाण्यांत भिजवून पेरल्या, आणि एकीस कोंब आला. त्या झाडास मथुशलह असें नांव ठेविलें. पुढें त्याच प्रदेशांतील तशाच जुन्या बियांपासून वाढविलेल्या मादीझाडास २०२० सालीं फळेंही लागलीं. उपदेशकानें पेरलेलें वचन दहा वर्षें उगवलें नाहीं म्हणून तें मेलें, असें कोणीं म्हणावें?

३. खड्डा व पेरणी

खड्डे पावसाळ्यांत घेऊं नयेत; उन्हाळ्यांतच घेऊन ठेवावे, म्हणजे ऊन लागून माती मोकळी होते. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद व निदान दोन फूट खोल असावा. आणि पहारीनें तळाचा मुरूम आणखी हातभर फोडावा. दिघीच्या दाखल्याचें मर्म याच पहारींत आहे. वर कितीही खत घातलें आणि खालचा खडक तसाच ठेविला, तर आपण स्वतःच्या हातानें खडकाळ जमीन तयार केली असें होईल. निघालेल्या मुरमांत तळ्याचा गाळ व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून खड्डा भरावा. उतार असेल तर खालच्या बाजूस अर्धचंद्राकृति बांध घालावा, म्हणजे वाहणारें पाणी तेथें थबकेल.

रोपवाटिकेच्या लहान पिशवींत हीं झाडें फार दिवस ठेवूं नयेत. त्यांचें मुख्य मूळ सरळ खालीं जाऊं पाहतें. पिशवीचा तळ लागला कीं तें वेटोळें घालतें, आणि पुढें जमिनींत लाविल्यावरही तें वळण पुष्कळदां सुटत नाहीं. असें झाड कांहीं वर्षें बरें दिसतें व एखाद्या दुष्काळांत एकाएकीं वाळतें. म्हणून शक्य असेल तेथें पाऊस स्थिरावल्यावर बीं खड्ड्यांतच पेरावें. एका खड्ड्यांत तीन बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल, पुरे होतात. महिन्यादीड महिन्यानें त्यांतलें जोमदार रोप ठेवून बाकीचीं कापून टाकावीं. उपटूं नयेत, उपटल्यानें ठेवलेल्याचेंही मूळ हलतें.

पाऊस संपल्यावर रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याचा मोह होतो. तसें केल्यानें मुळें पाण्याच्या आशेनें वरच्यावर राहतात. त्यापेक्षां पंधरवड्यांतून एकदां भरपूर पाणी द्यावें. पाण्याची ओढ असेल तर रोपाशेजारीं एक कच्चें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, त्यांत पाणी भरून वर झांकण ठेवावें. पाणी झिरपत झिरपत खालींच जातें व मूळ त्याच्यामागें जातें. बुंध्याभोंवतीं पाचोळा किंवा चपटे दगड पसरले तर ओल टिकते.

शेवटीं कुंपण. बोरीबाभळीच्या काट्यांचें दाट कुंपण केल्यावांचून शेळ्यांपासून एकही रोप वांचणार नाहीं. ज्या शेळीनें बीं रुजविण्यास साहाय्य केलें, तीच कोंवळा शेंडा खाते! आणि माघ-फाल्गुनांत गवत वाळलें कीं भोंवतालची चार हात जागा साफ ठेवावी, म्हणजे वणवा आंत येत नाहीं.

४. दोन वर्षांचें मौन

एवढें सर्व केल्यावर जें घडतें, त्यासाठीं मनाची तयारी करावी लागते. कारण पुष्कळ काळ कांहींच घडत नाहीं असें दिसतें.

येथें या लेखकाच्या हातून झालेली एक चूक सांगणें योग्य होईल. दिघीच्या बाजूस एका मुरमाड आवारांत मीं एका ओळींत शमीचें बीं पेरलें होतें, व दुसऱ्या ओळींत लवकर वाढणारीं विकत आणलेलीं रोपें लाविलीं होतीं. दोन वर्षांनीं विकतचीं रोपें माझ्या डोक्यावर गेलीं, आणि शमी गुडघ्याएवढीही नव्हती. येणारेजाणारे हंसत. माझीही श्रद्धा खचली. ही ओळ काढून टाकावी व जागा मोकळी करावी, असें ठरवून मीं कुदळ घेतली. हातभर खणलें, मूळ संपेना. कमरेइतकें खणलें, तरी तें मुरमाच्या फटींतून बोटाएवढ्या जाडीचें खालींच चाललेलें. तेव्हां माझा हात थांबला. दोन वर्षें झाड वाढत नव्हतें असें मीं समजत होतों. तें वाढतच होतें, परंतु जिकडे मी पाहत नव्हतों तिकडे. तें एक रोप माझ्या कुदळीनें मेलें. ओळींतलीं बाकीचीं राहिलीं.

शमीची ही रीतच आहे. तिचीं मुळें साठ फुटांहून खोल गेल्याचें जाणत्यांनीं नोंदविलें आहे. शेळ्यांसाठीं पाला तोडण्याजोगें झाड होण्यास सुमारें दहा वर्षें लागतात. हिंगणास पहिलें फळ येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. परंतु एकदां मूळ खालच्या ओलीस पोंचलें कीं उन्हाळा त्या झाडाचें कांहीं करूं शकत नाहीं. ऐन चैत्र-वैशाखांत, सारें रान करपलेलें असतांना, शमीस नवी पालवी फुटते.

मारवाडांत हिलाच खेजडी म्हणतात. तेथील शेतकरी बाजरीच्या शेतांत ती मुद्दाम राखतात. तिच्याखालीं पीक चांगलें येतें, आणि दुष्काळांत तिच्या शेंगांवर माणसें जगलीं आहेत. १७३० सालीं जोधपूरजवळील खेजडली गांवीं राजाचे लोक हीं झाडें तोडावयास आले, तेव्हां अमृतादेवी नांवाच्या बाईच्या मागोमाग ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनीं झाडांस मिठी मारून प्राण दिले, अशी हकीकत आहे. ते लोक ख्रिस्ती नव्हते. तरी आज लाविलेल्या झाडाची सावली नातवंडांस मिळते, आणि तोडलेलें झाड नातवंडांच्या हयातींतही परत मिळत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. आपण दसऱ्यास शमीची पूजा करीत नाहीं. म्हणून तिच्या उत्पन्नकर्त्यानें तिच्यांत ठेविलेला धडाही घेऊं नये, असें मात्र नाहीं.

५. लवकर वाढणाऱ्या झाडांचें काय?

लवकर वाढणारें सर्वच वाईट, असें म्हणणें अन्यायाचें होईल. सरपण, चारा व हिरवळीचें खत यांसाठीं अशा झाडांचा उपयोग आहे. परंतु त्यांच्याकडून काय मिळेल व काय मिळणार नाहीं, हें जाणून असावें. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची पुष्कळ लागवड झाली. हें झाड मध्य अमेरिकेंतून आलेलें. फांदी खोवली तरी लागतें, आणि थोड्याच वर्षांत टेकडी हिरवी दिसते. पण कोरडा काळ आला कीं तें पानें गाळतें, आणि सावली हवी तेव्हांच उघडें पडतें. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास परदेशांतून या देशांत आणिली. ती इतकी लवकर पसरली कीं आतां पुष्कळ जिल्ह्यांत ती काढून टाकावी कशी, हीच चिंता आहे.

मंडळीच्या कामांतही असें होतें. मोठी सभा भरविली, वाद्यें वाजलीं, हात वर झाले, नांवें लिहून घेतलीं. अहवाल हिरवागार झाला. पुढें घरांतून विरोध आला, नोकरी गेली, आजार आला, आणि त्यांतले किती उरले? आणि त्याच गांवांत एक म्हातारी दर रविवारीं मागें बसून नुसती ऐकते. एक मुलगा चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून येतो, आणि सकाळीं झोंपण्यापूर्वीं नव्या करारांतील एक अध्याय वाचतो. तीं अहवालांत कोठेंच नाहींत. मूळ मोजण्याची पट्टी अद्याप कोणीं केलेली नाहीं.

६. लावणाऱ्यांचा कित्ता

अब्राहामानें बैर-शेबा येथें एक झाड लाविलें, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. इब्री भाषेंत त्यास एशेल म्हणतात. आपल्याकडे झाऊ म्हणतात त्या जातीचें तें होय. बैर-शेबा हा नेगेबचा कोरडा मुलूख. तेथें वर्षास सुमारें दोनशें मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि अब्राहाम तेथें परका होता. पुढें सारेला पुरण्यासाठीं शेत विकत घेईपर्यंत त्या देशांत त्याच्या नांवाची जमीन नव्हती. तंबूंत राहणाऱ्या म्हाताऱ्यानें परक्या भूमींत झाड लावावें, याचा अर्थ काय? देवानें दिलेलें वचन आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं खरें ठरणार, अशी त्याची खातरी होती. त्यानें तेथें झाड लाविलें, आणि तेथेंच सनातन देवाचा धांवा केला. हीं दोन्ही कामें शास्त्रानें एकाच वचनांत सांगितलीं आहेत.

दुसरा कित्ता आपल्या भाषेच्या एका उपकारकर्त्याचा आहे. विल्यम कॅरी १७९३ सालीं बंगालांत उतरले. पहिला बंगाली विश्वासी, कृष्ण पाल नांवाचा सुतार, याचा बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० रोजीं झाला. मध्यें सात वर्षें गेलीं, आणि त्या सात वर्षांत त्यांनीं आपला एक लेंकरूही पुरला. बाहेरून पाहणाऱ्यास तें काम गुडघ्याएवढेंही नव्हतें. पण त्याच वर्षांत ते भाषा शिकत होते व शास्त्राचें भाषांतर करीत होते. पुढें १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण छापलें, आणि १८१० सालीं मराठी कोश. हेच कॅरी मोठे माळीही होते. श्रीरामपूर येथें त्यांनीं बाग केली, आणि १८२० सालीं शेती व बागाइतीच्या सुधारणेसाठीं एक मंडळ स्थापिलें. १८२३ सालच्या पुरानें त्यांची बाग उध्वस्त झाली. त्यांनीं ती पुन्हां लावावयास घेतली.

७. धीर म्हणजे आळस नव्हे

येथें एक सावधगिरीची सूचना आहे. वाट पाहणें हें कांहीं न करण्याचें दुसरें नांव नव्हे. लूक १३ मधील माळी धन्यास आणखी एक वर्ष मागतो. पण तो तें वर्ष स्वस्थ बसण्यासाठीं मागत नाहीं. आळें खणूं दे व खत घालूं दे, असें तो म्हणतो. ज्यानें खडक फोडला नाहीं, कुंपण केलें नाहीं, पंधरवड्याचें पाणी दिलें नाहीं, त्यानें रोप मेल्यावर देवाच्या इच्छेचें नांव घेऊं नये. आणि ज्यानें हें सर्व केलें, त्यानें रोज माती उकरून पाहूं नये. मार्काच्या चौथ्या अध्यायांतील दुसऱ्या दाखल्यांत शेतकरी रात्रीं निजतो व दिवसा उठतो, आणि बीं कसें वाढतें हें त्यास कळत नाहीं. आपलें काम संपवून निजणें, ही सुद्धां श्रद्धाच आहे.

पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें. वाढविणारा देव आहे. लावणाराच सावलींत बसेल, असें शास्त्रांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. तरी येत्या ज्येष्ठांत प्रत्येक मंडळीनें आपल्या आवारांत निदान एक शमीचें किंवा हिंगणाचें बीं पेरावें, व तें राखण्याचें काम सर्वांत लहान मुलाकडे द्यावें. झाड सावली देऊं लागेल तेव्हां तो मुलगा तरुण झालेला असेल, आणि तें कोणीं पेरलें हें तो आपल्या मुलांस सांगेल.

चर्चेसाठीं प्रश्न

१. खडकाळीवरचें बीं इतरांच्या आधीं कां उगवलें? त्याचें लवकर उगवणें हीच त्याची खूण कशी ठरली?

२. आपल्या मंडळींत वरून दिसत नाहीं पण खालीं वाढत आहे, असें कोणतें काम आहे?

३. आपण कोणाविषयीं आशा सोडून कुदळ उचलली आहे काय? त्या मनुष्याचें नांव मनांत घेऊन प्रार्थना करा.

४. लूक १३ मधील माळ्याप्रमाणें या वर्षीं आपण कोणाचें आळें खणणार व कोणास खत घालणार?

प्रार्थनेचा विषय : जे उपदेशक एकट्यानें, लहान गांवांत, पुष्कळ वर्षें पेरीत आहेत व ज्यांनीं अद्याप पालवी पाहिली नाहीं, त्यांच्यासाठीं.